डोळ्यातले कुसळ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी पडले सातवी शिकलेली बाई. लोणच्याचे प्रमाण विचारा, चादरीचा पोत विचारा, सांगेन. पण लेख लिहिणे हे आपले काम नव्हे असेच मला वाटत होते. परंतु गेली पाच-सहा वर्षे एका विषयाने मला धरून ठेवले आहे. माझ्या नणंदेचा मुलगा डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढण्याचे काम करतो. त्याला प्रश्न विचारविचारून मी भंडावून सोडले, त्याने पुस्तके आणून वाचून दाखविली, समजावून सांगितली. त्यातून जे हाती लागले तेच येथे मांडते. चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

माझे माहेर मंगळवेढ्याकडचे. तिकडची मालदांडी ज्वारी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मी दहा-अकरा वर्षांची असेन. माघाचे दिवस होते, खळ्यावर मळणी झालेली, आणि आई वाऱ्यावर उपणीत होती. एकाएकी वारा फिरला आणि भुसकटातले एक कुसळ तिच्या डाव्या डोळ्यात गेले. आजीने पदराच्या टोकाने काढून पाहिले, मग जिभेने काढले. ‘आता अंगावरचे दूध घाला म्हणजे थंडावा येईल,’ असे ती म्हणाली. शेजारी एक बाळंतीण होती. तिच्याकडून वाटीभर दूध मी धावत जाऊन आणले. आईने ते घातले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खळ्यावर गेली. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले, उजेड सोसेना. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. आपल्याकडे त्याला ‘फूल पडले’ म्हणतात. तिला सोलापूरला आणले तेव्हा फार उशीर झाला होता. तो डोळा गेला तो गेलाच.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मला मात्र ती म्हण ऐकली की ती वाटी आठवते. ती वाटी मी आणली होती.

म्हणून मी प्रथम दुधाचीच चौकशी केली. ही रीत आजीने मनाने काढलेली नव्हती. आपल्या देशातील डोळ्यांची विद्या फार जुनी. सुश्रुताच्या ग्रंथात डोळ्यांचे शहात्तर रोग सांगितले आहेत. मोतीबिंदू सुईने बाजूस सारण्याची कृतीही त्यात आहे, आणि त्या कृतीनंतर डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडावे असेही लिहिले आहे. म्हणजे आजीच्या हातून जे घडले त्यामागे शेकडो वर्षांची परंपरा होती. त्या काळी जंतूंची कल्पना जगात कोणालाच नव्हती. त्यामुळे जुन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण जे त्यांना कळले नव्हते ते आज आपल्याला कळले असताना तीच वाटी पुढे करणे, हा मात्र दोष होय.

सुईने मोतीबिंदू पाडणारे वैदू आपल्याकडे गावोगाव हिंडत असत. धुरकटलेले भिंग ते आत ढकलून देत. माणसाला तेवढ्यापुरते दिसू लागे, पण पुष्कळांचा डोळा पुढे सुजून जाई. भिंग आत न ढकलता बाहेर काढण्याची रीत फ्रान्समधील दाव्हिएल नावाच्या शस्त्रवैद्याने १७४७ साली सुरू केली. तरीही भिंग काढल्यावर डोळा रिकामाच राहत असे. बाटलीच्या बुडासारखी जाड काच लावलेले आपले आजे-पणजे आठवून पाहा. चष्मा उतरला की त्यांना ताटातली भाकरी दिसत नसे.

यापुढची हकीकत मला सर्वांत नवलाची वाटली, कारण ती एका अपघातातून निघाली आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, गॉर्डन क्लीव्हर नावाच्या इंग्रज वैमानिकाच्या विमानावर गोळी लागली आणि बसण्याच्या जागेवरचे पारदर्शक छप्पर फुटून त्याचे तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. ते छप्पर काचेचे नव्हते, पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे होते. लंडनच्या हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांनी अशा वैमानिकांचे डोळे वर्षानुवर्षे तपासले. त्यांच्या ध्यानात आले की, बाहेरची वस्तू आत गेली की डोळा चिडतो, सुजतो. पण या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आत राहूनही डोळा शांत आहे. पुढे त्यांची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले की, काढलेल्या भिंगाच्या जागी तुम्ही दुसरे का बसवीत नाही? प्रश्न भाबडा होता, पण रिडलेंच्या मनात तो रुतला. त्यांनी त्याच प्लॅस्टिकचे भिंग करवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसविले. ती रुग्ण पंचेचाळीस वर्षांची एक बाई होती, म्हणजे माझ्याच वयाची!

रिडलेंनी ही गोष्ट प्रथम गुप्त ठेवली. १९५१ साली ती त्यांनी डॉक्टरांच्या सभेत सांगितली तेव्हा मोठमोठ्यांनी नाके मुरडली. डोळ्यातून वस्तू काढायची असते, घालायची नसते, असे त्यांचे म्हणणे होते. हा विरोध पुष्कळ वर्षे चालला. अखेर सगळ्या जगाने ती रीत उचलली. २००० साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, रिडलेंना ‘सर’ हा किताब मिळाला आणि पुढल्याच वर्षी ते वारले.

पण विलायतेत शोध लागला म्हणजे तो आपल्या उंबऱ्यात येतोच असे नाही. तो गरिबापर्यंत पोहोचविण्याचे काम आपल्याच लोकांनी केले. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातले (आता ते बागलकोट जिल्ह्यात आहे) बिळगी हे गाव. तेथले डॉ. मु. चे. मोदी यांनी गावोगाव डोळ्यांची शिबिरे भरविली आणि हजारो नव्हे, लाखो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. एका दिवसात आठशे तेहतीस मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली आहे. २००५ साली ते गेले. तिकडे मदुरेत डॉ. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर, १९७६ साली, अरविंद नेत्र रुग्णालय काढले. परदेशी भिंगाला त्या वेळी शंभर डॉलरच्या आसपास पडत. त्यांच्या संस्थेने १९९२ पासून मदुरेतच भिंगे करावयास घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या घरात आणली. १९७६ सालीच सरकारने अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आज सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढून भिंग बसवून मिळते, त्यामागे हा एवढा इतिहास आहे.

मोतीबिंदू गेला की दृष्टी परत येते. माझ्या आईचे दुःख निराळे होते. तिच्या डोळ्याच्या पुढच्या पडद्यावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या भागावर जखम झाली, जखमेत जंतू शिरले आणि व्रण भरताना पांढरा डाग ठेवून गेला. मदुरेच्या डॉक्टरांनी १९९४ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत असे चारशे चौतीस रुग्ण तपासले. त्यांतील दोनशे चौऱ्याऐंशी जणांना, म्हणजे शंभरात पासष्टांना, आधी डोळ्यास काही ना काही इजा झाली होती. ज्यांच्या व्रणात जंतू सापडले त्यांतील जवळजवळ निम्म्यांना बुरशीने धरले होते. बुरशी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शिळी भाकरी येते. परंतु भुसकटावर, पाल्यावर, मातीत ती असतेच. म्हणूनच दुकानातून मागून आणलेले थेंब घालणे धोक्याचे. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशी मात्र फोफावते.

आता मुख्य गोष्ट सांगते. नेपाळात भक्तपूर म्हणून जिल्हा आहे. तेथील डॉक्टरांनी सुमारे पस्तीस हजार वस्तीवर दोन वर्षे लक्ष ठेवले. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले आणि लोकांना सांगितले की, डोळ्यास जरा जरी लागले तरी यांच्याकडे या. ज्यांच्या बुबुळावर खरचटलेले आढळले अशा चारशे बेचाळीस जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावले. शंभरात शहाण्णवांचे डोळे काही न चिघळता बरे झाले. आणि इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत जे आले, त्यांच्यातील एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. उशिराने आलेल्यांतच तो झाला. हे संशोधन २००१ साली छापून आले.

अठरा तास! भाच्याने हे वाचून दाखविले तेव्हा मी त्याला पुन्हा वाचावयास लावले. आईच्या डोळ्यात कुसळ गेले ते दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने निघालो असतो तर अठरा तासांच्या आत सोलापूर गाठले असते. मंगळवेढ्याहून सोलापूर ते काय, पन्नास-पंचावन्न किलोमीटर! गाडी होती, भाड्यापुरते पैसेही होते. नव्हती ती एवढीच माहिती. आम्ही आठ दिवस वाटीने मोजले.

आपल्या सोलापुरात डोळ्यास धोका खळ्यावरच आहे असे नाही. १८७७ साली येथे जुनी गिरणी निघाली आणि मागांचे गाव म्हणून सोलापूर नावारूपास आले. मागावरचा धोटा उडाला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा लागतो, हे ज्यांच्या घरी माग आहे त्यांना सांगावयास नको. उडणाऱ्या कणांपासून कामगारांच्या डोळ्यांना आडोसा किंवा चष्मा द्यावा, असे १९४८ सालच्या कारखाना कायद्याच्या पस्तिसाव्या कलमात घातले गेले. शेतातल्या खळ्याला मात्र कलम नाही. तेथे आपणच आपला कायदा.

घरातही धोका आहे. तंबाखूच्या पुडीबरोबरची चुन्याची डबी किंवा पुडी मुले दाबतात आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना डोळा जाळीत आत आत जातो. मेलेल्या माणसाच्या नव्हे, पण दुसऱ्याच्या डोळ्याचा पडदा बसवून दृष्टी आणण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स या युरोपातील गावी केली. त्यांचा रुग्ण अलॉइस ग्लोगर हा मजूर होता आणि त्याचे डोळे चुन्यानेच भाजले होते. ज्याचा पडदा त्याला बसविला तो अकरा वर्षांचा मुलगा. लोखंडाचे तुकडे लागून त्याचा डोळा निकामी झाल्याने काढावा लागला होता. एकाच्या अपघाताने दुसऱ्याचा अपघात निवारला. आज आपण नेत्रदानाचा अर्ज भरतो त्याचे मूळ तेथे आहे.

मला जे समजले ते थोडक्यात असे. डोळ्यात कण गेला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. चुना, ॲसिड अगर तसे काही उडाले तर कोणाची वाट न पाहता नळाखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धूत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. काही रुतून बसले असेल तर ते ओढू नये, डोळ्यावर दाब देऊ नये. जीभ, पदर, दूध, मध, एरंडेल, काजळ, कोणाचे उरलेले थेंब, यांपैकी काही घालू नये. आणि दुखणे थांबले नाही, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवावे. आपल्या शहरात सिव्हिल हॉस्पिटल आहे, १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याची सोय नाही असे आपण म्हणू शकत नाही.

मागल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. आई आता थकली आहे. एका डोळ्याने ती अजून ज्वारी निवडते. मी तिला अठरा तासांची गोष्ट सांगितली आणि वाटीचेही बोलले. इतक्या वर्षांत आम्ही त्याविषयी कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, ‘‘त्या वक्ताला कुणाला ठावं होतं, पोरी? आता तुला ठावं झालंया न्हवं? मग चारचौघींत सांग की.’’

म्हणून हे लिहिले. जाता जाता मंडळापुढे एक विनंती ठेवते. संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो आणि वाण लुटतो. वाट्या, डबे, पाकिटे आता प्रत्येकीच्या घरी ढीगभर आहेत. ज्वारीची काढणी-मळणी त्याच सुमारास पुढे येते. यंदा वाण म्हणून बिननंबरी साधे, बाजूने झाकलेले चष्मे द्यावेत. आपल्यापैकी ज्यांची माहेरे-सासरे खेड्यात आहेत त्यांनी ते खळ्यावर पाठवावेत, ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी मागापाशी ठेवावेत. वाटीच्या वाणापेक्षा मला हे वाण अधिक मोलाचे वाटते.