आपल्याच शिंद्यांचं

आमच्या श्रीगोंद्याला पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणं दाखवायची: शेख महंमद महाराजांचा मठ आणि महादजी शिंद्यांचा वाडा. मठात पाहुणा हात जोडतो, वाड्यापाशी घड्याळ बघतो.

मागे बँकेच्या एल.एफ.सी.वर ग्वाल्हेरला गेलो. जयविलास महाल पाहून सौ. म्हणाली, "अहो, हे आपल्याच शिंद्यांचं?" आपल्याच! जणू माहेरकडचे.

जयाजीरावांनी हा महाल १८७४ साली बांधला. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कॉरिंथियन. एका जिन्यात अर्धा युरोप! आराखडा मायकेल फिलोज यांचा. फिलोजांचा पूर्वज नेपल्सहून येऊन महादजींच्या फौजेत शिरला होता. महादजींनी तलवारीसाठी ठेवलेल्या इटालियनाचा वंशज असा बांधकामाला कामी आला. इतक्या जुन्या ठेवीवर इतकं व्याज आमच्या बँकेनं कधी दिलेलं नाही.

दरबार हॉलातली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छतावर म्हणे हत्ती चढवून पाहिले. आम्ही कर्जदाराला दोन जामीन मागितले तरी तो रागावतो!

परतल्यावर रविवारी एकटाच वाड्याकडे गेलो. १७७२ साली शहाआलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवणाऱ्या माणसाचं हे घर. आणि मी रोज त्याच्यावरून सायकल दामटत बँक गाठतो. घड्याळ मुद्दाम घरी ठेवलं होतं.

उशिरा परतलो. "कुठे होता?"

"शिंद्यांकडे."

"ग्वाल्हेरच्या?"

"नाही गं, आपल्याच."