पंखे कुरतडणारे बुडबुडे

#थ्रेड : इंजेक्टर, बेअरिंग, झडपा असे तेलकट सुटे भाग आज कारखान्यांत द्रवाच्या टाकीत सोडून श्राव्यातीत ध्वनीने स्वच्छ केले जातात. चष्म्याच्या दुकानातील गुणगुणणारी छोटी पेटी हे त्याच यंत्राचे धाकटे भावंड. ‘ध्वनीने भाग हादरतो आणि मळ झडतो’ हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. मळ काढतात ते बुडबुडे, आणि इतिहासात त्यांची पहिली ओळख उपद्रवी म्हणून झाली.

१८९३. थॉर्निक्रॉफ्टच्या कारखान्यात बांधलेली ‘डेअरिंग’ ही ब्रिटिश युद्धनौका चाचणीत ठरलेला वेग गाठेना. पंखा फिरे, पण पाण्यावर त्याची पकड बसेना. पात्यापाशी दाब इतका उतरे की पाणी न तापताच उकळून वाफेच्या पोकळ्या होत. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवल्यावर नौका धावली. या प्रकाराला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव मिळाले.

पुढच्याच वर्षी चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ याच संकटात सापडली. टर्बाइनवर चालणारी ही पहिली नौका आरंभी २० नॉटही गाठेना. पार्सन्स यांनी तांब्याची एक बंद नळी बनवली, आत २ इंची पंखा बसवला, काचेच्या खिडकीतून लुकलुकता प्रकाश असा सोडला की फिरते पाते स्थिर भासावे, आणि पोकळ्या प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्या. (ही नळी न्यूकॅसलच्या विद्यापीठात जपलेली आहे.) मग एकाऐवजी तीन दांडे आणि नऊ पंखे! २६ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात टर्बिनिया सर्वांच्या देखत सुसाट निघून गेली. याच महोत्सवाच्या रात्री, चारच दिवसांपूर्वी, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती.

वेगाचा प्रश्न सुटला, पण पाती कुरतडली जातच राहिली. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवले की पोकळी मिटताना द्रव सर्व बाजूंनी आत धावतो आणि एका बिंदूपाशी प्रचंड दाब उत्पन्न होतो. धातू झिजवणारा घण सापडला होता.

महायुद्धाच्या त्याच काळात फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ जर्मन पाणबुड्यांचा माग काढू पाहत होते. त्यांचे गुरू प्येर क्युरी यांनी भाऊ जाक यांच्यासह १८८० मध्ये दाबविद्युत परिणाम शोधला होता. लांजव्हँ यांनी पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ दाबून बसवले आणि विद्युतदाबाने त्याला कंपित केले. तूलाँ येथील प्रयोगांत ध्वनिशलाकेत आलेले मासे मेले. ते पाहिलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी पुढे आल्फ्रेड लूमिस यांच्यासह तीव्र श्राव्यातीत ध्वनीचे परिणाम तपासले; १९२७ चा त्यांचा निबंध या शाखेचा पाया मानला जातो.

१९५० च्या दशकात स्वच्छतेच्या टाक्या बाजारात आल्या. टाकीच्या तळाशी लांजव्हँच्याच धर्तीचे कंपक असतात. क्वार्ट्झची जागा तेवढी सिरॅमिकने घेतली. साधारणतः सेकंदाला ४०,००० वेळा द्रव ताणला आणि दाबला जातो. ताणताना बुडबुडा फुगतो, दाबताना मिटतो. पृष्ठभागालगत तो एका अंगाने कोसळतो आणि द्रवाची सूक्ष्म चिळकांडी धातूवर आदळते. ब्रश जात नाही अशा आटे-भोकांतले वंगण ती उखडते. कंप्रता कमी असेल तर बुडबुडे मोठे, मार कठोर. वाढवली की दोन्ही सौम्य. द्रवात विरघळलेली हवा हा मार मवाळ करते, म्हणून भाग सोडण्याआधी टाकी काही मिनिटे नुसतीच चालवतात.

‘याचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला म्हणूनच मी एक नाव देत नाही. आरमारांनी जे टाळण्यासाठी पैसा ओतला, तेच कारखान्यांनी मापून वापरले. बुडबुड्याने मात्र जुना स्वभाव सोडलेला नाही. नाजूक ॲल्युमिनियमचा भाग फार वेळ आत राहिला तर त्यावर खड्डे पडतात. आणि वर्षानुवर्षे चाललेल्या टाकीचा पोलादी तळ, कंपकांच्या नेमका वर, जहाजाच्या पात्यासारखाच कुरतडलेला दिसतो.