कोंबडा, रामदास आणि उपग्रह

१९७९च्या आषाढात आमच्या घरचा एक कोंबडा स्कायलॅबपायी गेला. अमेरिकेची ती अंतराळातली प्रयोगशाळा आता कोसळणार, कुणाच्या डोक्यावर ते सांगता येत नाही, अशी आवई गावोगाव उठली होती. मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून आमच्याकडे कोंबडी-वड्यांचा बेत झाला. काका म्हणतात एकच कोंबडा होता, आत्या म्हणते दोन कोंबड्याही गेल्या. स्कायलॅब शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. आम्ही सगळे वाचलो, कोंबडा तेवढा हकनाक गेला.

आजीचा मात्र तेव्हापासून आभाळावर राग. महिन्याभरात, १० ऑगस्टला, श्रीहरिकोट्याहून उडालेलं आपलं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. आजोबांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली, तशी सुपारी कातरता कातरता ती म्हणाली, "काय मेलं ठेवलंय त्या आभाळात? इथे रॉकेलला रांगा लागल्यात."

आजोबा टपाल खात्यातले. त्यांना थुंब्याची गोष्ट फार प्रिय; कुठे ऐकली होती कोण जाणे. केरळातलं हे मच्छीमारांचं गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तालगतचं, म्हणून शास्त्रज्ञ विक्रम साराभाईंना रॉकेट उडवायला ते हवं होतं. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी आपलं मेरी मॅग्डलीनचं चर्च देऊन टाकलं, बिशपांच्या घरात कचेरी थाटली आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं, तेही अमेरिकेकडून मिळालेलं. आजोबा सायकलपाशी आले की हमखास थांबत. आजीला सायकलीचं काही नव्हतं. "दर्यावरच्या माणसांनी देऊळ दिलं, त्यांना काय मिळालं?" एवढंच ती विचारी.

तिच्या विचारण्यामागे रामदास बोट होती. अलिबागकडच्या माणसाला ती सांगावी लागत नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत तुफानात बुडाली, सहाशेंहून जास्त माणसं गेली. आजीचे मामा त्याच बोटीने यायचे होते, पण धक्क्यावर पोचायला उशीर झाला म्हणून वाचले. आमच्या भागात प्रत्येक घरात रामदास चुकलेला एक तरी माणूस निघतो. सगळ्यांचं खरं धरलं तर बोट रिकामीच निघाली असती. पण आजीच्या शेजारची दोन माणसं खरोखरच गेली होती. "बंदरावर बावटा असे," ती सांगे, "पण तुफान समोर आल्यावर बावटा लावून काय उपयोग?"

१९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि पुढे दूरदर्शनच्या बातम्यांत ढगांची चित्रं दिसू लागली. आजी पुढे सरकून बघायची. "हे आपलंच ना? कुणाकडून मागून आणलेलं नाही ना?" एवढी खात्री करून घेतली की पुन्हा सुपारी.

साराभाई म्हणत, श्रीमंत देशांशी चंद्रापर्यंत शर्यत लावायची म्हणून नव्हे, तर आपल्या माणसांच्या अडचणींसाठी हे तंत्र हवं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मला ते पटलं. अरबी समुद्रात ढग गोल फिरू लागल्यापासून उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून होते. होड्या आधीच बंदरात आल्या, किनाऱ्यालगतची कच्च्या घरांतली माणसं शाळांत हलवली. नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, त्यांचं दुःख आजही आहे. पण रामदाससारखी माणसांची रांग लागली नाही. पक्क्या घरातला माणूस वादळात कसाही निभावतो. दोन दिवस आधी कळण्याची गरज असते ती कौलं उडणाऱ्याला आणि दर्यावर असणाऱ्याला. गरीब देशाला अवकाश परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडावा.

आता पाण्याचा रंग आणि उष्णता उपग्रहातून पाहून मासळी कुठे सापडेल तेही मच्छीमारांना कळवतात. गावातला एक तांडेल त्यावर कुरकुरतो, "मासळी दाखवतात, भाव नाही दाखवत." त्याचं खरंच आहे. पण भावाची तक्रार करायला तो बंदरावर परत येतो, हे आजीने ऐकलं असतं तर तिचं समाधान झालं असतं.