पर्माफ्रॉस्ट मृदेतील हरितगृह वायूंचे मापन

ज्या जमिनीचे तापमान सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उत्तर गोलार्धातील अशा जमिनीत जैव अवशेषांच्या रूपाने सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन साठलेला आहे. वातावरणातील कार्बनच्या तो जवळजवळ दुप्पट आहे.

उन्हाळ्यात वरचा थर वितळला की सूक्ष्मजीव या अवशेषांचे विघटन करतात. निचऱ्याच्या मातीतून मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर पाणथळ मातीत ऑक्सिजनच्या अभावी मिथेनही तयार होतो. गोव्यातील पाणी साचलेल्या भातशेतातही हीच प्रक्रिया घडते. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनचा तापवृद्धीतील वाटा समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो.

पीएच.डी.चे संशोधक मातीवर बंद पेटी बसवून ठरावीक अंतराने हवेचे नमुने घेतात व वायूचे प्रमाण बदलण्याच्या वेगावरून उत्सर्जनाचा दर काढतात. मात्र शरद ऋतूत पृष्ठभाग गोठू लागल्यावरही आतील थर काही आठवडे शून्य अंशाजवळ राहतो आणि उत्सर्जन चालूच असते. केवळ उन्हाळी मोजणीवर विसंबल्यास वार्षिक हिशेब चुकतो.

गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पर्माफ्रॉस्टच्याच प्रदेशात, स्वालबार्ड येथे, २००८ पासून ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र चालवते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथे भारताची पहिली हिवाळी मोहीम गेली. वर्षभराच्या निरीक्षणांच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे.