यंत्राच्या घरचा केर

जावा किंवा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणारा यादी तयार करतो, वापरतो आणि विसरून जातो. तिने अडवलेली मेमरी मोकळी करायचं काम गार्बेज कलेक्टरचं. या सोयीचा जन्म मेमरी वाचवण्याच्या खटपटीतून झाला असेल असं वाटतं. खरं तर तो एका गणितज्ञाच्या हट्टातून झाला.

१९५८ च्या उन्हाळ्यात जॉन मॅकार्थी आयबीएममध्ये काम करत होते. बीजगणिती पदावल्यांचं विकलन यंत्राकडून करून घ्यायचं होतं. बेरजेचं विकलन म्हणजे विकलनांची बेरीज; नियम इतके सुटसुटीत. पण ते चालवताना मधल्या याद्यांचा ढीग साचतो आणि त्यातल्या बऱ्याच पुढच्याच पायरीला निकामी होतात. फोरट्रानवर बेतलेल्या तेव्हाच्या साधनात त्या पुसायच्या आज्ञा प्रोग्रॅमरनेच द्यायच्या असत. मोजक्या ओळींच्या देखण्या व्याख्येत असली झाडलोट मिसळायला मॅकार्थी तयार नव्हते.

मग निकामी काय, हे यंत्राला कळणार कसं? मेमरीच्या प्रत्येक कप्प्याकडे कितीजण बोट दाखवतात ते मोजत राहायचं आणि आकडा शून्यावर आला की कप्पा मोकळा, ही एक वाट. जॉर्ज कॉलिन्स यांनी ती १९६० मध्ये मांडली. पण एमआयटीत, जिथे मॅकार्थींची लिस्प भाषा घडत होती, तिथलं यंत्र होतं आयबीएम ७०४. त्याच्या ३६ बिटांच्या शब्दात १५-१५ बिटांचे दोन पत्ते बसत. उरलेली सहा बिटं, तीही तीन-तीन करून दोन ठिकाणी विखुरलेली. मोजणीला सोयीची जागाच नव्हती.

म्हणून दुसरी वाट. मेमरी संपेपर्यंत काहीच करायचं नाही. संपली की प्रोग्रॅमच्या हातातल्या याद्यांपासून निघायचं, पोहोचता येईल त्या प्रत्येक कप्प्याचं चिन्ह बदलून खूण करायची आणि बिनखुणेचे कप्पे मोकळ्या यादीत टाकायचे. ही आज्ञावली डॅनियल एडवर्ड्स यांनी लिहिली. एका फेरीला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मूळ काम ठप्प. १९६० च्या मॅकार्थींच्या निबंधात ही रीत आहे, पण प्रयोगशाळेत रुळलेलं ‘गार्बेज कलेक्शन’ हे नाव त्यात नाही. छापताना आपण कच खाल्ली असावी, असं त्यांनीच नंतर गमतीने म्हटलं.

नाव चारचौघांत आलं तेही फजितीतूनच. उद्योगजगतातल्या पाहुण्यांना लिस्प दाखवायची होती. पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीसमोर, मॅकार्थी पहिल्या मजल्यावर यंत्रापाशी. रंगीत तालमीनंतर मेमरी नव्याने भरून घ्यायची राहिली होती, त्यामुळे ऐन प्रात्यक्षिकात ती संपली. यंत्राला जोडलेला फ्लेक्सोरायटर हा टंकलेखक सेकंदाला दहा अक्षरांच्या गतीने टंकू लागला: गार्बेज कलेक्टरला बोलावलं आहे, काही मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे. नव्या करामतीच्या कौतुकापोटी ती लिहिणाऱ्यांनी पानभर तपशील छापायची सोय करून ठेवली होती! उरलेला सारा वेळ त्यातच जाणार हे दिसत होतं, आणि हसून हसून श्रोत्यांची पुरेवाट झाली.

मोजणीची वाटही बुजली नाही. पायथनची नेहमीची आवृत्ती मुख्यतः मोजणीवरच चालते. मात्र दोन याद्या एकमेकींकडेच बोट दाखवत बसल्या, तर त्यांचा आकडा कधीच शून्य होत नाही. त्यासाठी २००० साली, २.० या आवृत्तीत, पायथनलाही अशी वर्तुळं हुडकणारा कलेक्टर जोडीला घ्यावा लागला.