पाहुणा घरचा झाला, त्याची गोष्ट

भुईमुगाचं रोप उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला पचेल अशा रूपात आणून देतात. हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के आहे, पण रोपाला तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू मात्र प्रत्येक नव्या रोपाला जमिनीतून नव्याने मिळवावे लागतात. म्हणजे ते पाहुणेच. असा पाहुणा कायमचा घरचा होऊ शकेल का?

या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. झाडाच्या पेशीतलं हरितलवक हे मुळात एक स्वतंत्र जिवाणू होतं, असं मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी हा विचार नव्या पुराव्यांनिशी मांडला. तो निबंध त्याआधी पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे डीएनएच्या अभ्यासाने त्यांची बाजू खरी ठरवली. हरितलवक आणि आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, दोन्ही एकेकाळचे जिवाणूच.

नायट्रोजनच्या बाबतीत मात्र असं उदाहरण कुठेच सापडलं नव्हतं.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियाचे जोनाथन झेर यांना पॅसिफिक महासागराच्या पाण्यात एका अनोळखी जिवाणूच्या डीएनएचा तुकडा मिळाला. जिवाणू नायट्रोजन पकडणारा होता, पण प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. २०१० पर्यंत त्याचं सारं जनुकीय लेखन वाचून झालं, तेव्हा कळलं की एकट्याने जगायला लागणारी बरीच सामग्री त्याने गमावली आहे. कुणाच्या तरी आधाराशिवाय हे शक्य नव्हतं. २०१२ मध्ये त्याचा यजमान ओळखता आला. तो होता समुद्रातलं एक एकपेशीय शैवाल.

त्याच काळात जपानमध्ये कोची विद्यापीठाच्या क्योको हागिनो नेमकं हेच शैवाल वाढवायच्या खटपटीत होत्या. त्यांचा विषय जीवाश्मांचा आणि या शैवालाचं कवच पंचकोनी चुनखडी तबकड्यांचं. तीनशेहून अधिक वेळा त्यांनी समुद्राचं पाणी गोळा केलं, दहा वर्षांहून जास्त काळ घालवला आणि अखेर ते प्रयोगशाळेत वाढवून दाखवलं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती ही चिकाटी. झेर यांच्याकडे पाहुण्याचा पत्ता होता, हागिनो यांनी घर मिळवून दिलं.

मग दोघांच्या गटांनी मिळून त्या पेशीच्या आत डोकावून पाहिलं. शैवालाची पेशी विभागते तेव्हा तो जिवाणूही ठरल्या वेळी विभागतो आणि दोन्ही नव्या पेशींच्या वाट्याला येतो. त्याला लागणारी जवळपास निम्मी प्रथिनं शैवाल बनवून आत पाठवतं. एप्रिल २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पेशीच्या या नव्या अवयवाला 'नायट्रोप्लास्ट' हे नाव मिळालं. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी आलेला पाहुणा घरचा झाला होता.

उद्या भाताला, गव्हाला स्वतःचं खत स्वतःच तयार करता येईल का, असा विचार आता शास्त्रज्ञ करू लागले आहेत. ती वाट लांबची आहे. पण हागिनो पाण्याच्या बाटल्या भरत होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे खताचा प्रश्न नव्हता. एका शैवालाचं कुतूहल होतं, इतकंच. मार्ग्युलिस २०११ मध्ये गेल्या. हे पाहायला त्या असायला हव्या होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)