रस्ता मोडतो तो सांध्यात

आमच्या लहानपणी आंजर्ल्यात वाडीतून फिरायचं ते जांभ्या चिऱ्यांच्या पाखाडीवरून. चिऱ्याला चिरा लावलेला, मधल्या फटीत माती, फटीफटीतून गवत. आषाढात वरून लोंढा आला की थोडं पाणी चिऱ्यांवरून वाही, थोडं फटींतून मुरे. एखादा चिरा डुगडुगू लागला की माणसं तो उकरून काढीत, खाली भर घालीत आणि पुन्हा बसवीत. त्या पाखाडीचं वय कुणालाच सांगता येत नसे.

पुढे वाडीत सिमेंटचा रस्ता आला. काम घेणाऱ्याने एका दमात लांबच्या लांब पट्टा ओतला. पहिला पावसाळा सरल्यावर बघतो तर रस्ता आडवा तडकलेला, आणि तडे साधारण सारख्या अंतरावर. पारावर एकच निकाल लागला, ‘सिमेंट खाल्लं!’ माझी सारी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, त्यामुळे मला वेगळंच दिसत होतं. सिमेंटचं काय झालं ते देव जाणे, पण सांधे कापलेच नव्हते. माणसाने कापले नाहीत, म्हणून रस्त्याने आपले आपण कापून घेतले.

काँक्रीट वाळताना आकसतं. नंतरही ते उन्हाने वाढतं आणि गारठ्याने आखडतं. साडेचार मीटर लांबीच्या लादीत २० अंशांच्या फरकाने हा बदल जेमतेम एक मिलिमीटर होतो. पण खालच्या थराशी अडलेल्या लांब पट्ट्याला तोही सोसत नाही. म्हणून ओतल्यावर काही तासांतच करवतीने जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल काप घेतात. तडा जाणारच असतो, तो आपण सांगू तिथे जावा एवढाच हेतू. मोठ्या रस्त्यावर सांध्यात गुळगुळीत सळया ठेवतात. चाक एका लादीवरून दुसरीवर जाताना दोन्ही लाद्या भार वाटून घेतात.

हे शहाणपण एका दिवसात आलेलं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बेलफाँटेन गावी जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी १८९१ साली काँक्रीटचा रस्ता केला, तेव्हा तो पाच वर्षं टिकेल म्हणून त्यांना ५,००० डॉलरची हमी द्यावी लागली. तिथल्या कोर्ट अ‍ॅव्हेन्यूवर त्या काळचं काँक्रीट आजही पाहायला मिळतं. आपल्याकडे बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून रस्त्यांसाठी वेगळा निधी आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. मुंबईचा मरीन ड्राइव्ह १९४० च्या सुमारास काँक्रीटचा झाला आणि त्याने कित्येक दशकं रहदारी अंगावर घेतली.

पण रस्ता टिकला एवढं कळून भागत नाही, तो का टिकला हे कळावं लागतं. त्यासाठीचा मोठा प्रयोग अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झाला. डांबरी आणि काँक्रीटच्या वेगवेगळ्या जाडीच्या शेकडो तुकड्यांवरून लष्कराच्या चालकांनी दोन वर्षं ट्रक फिरवले. ११ लाखांवर आसभार मोजले गेले. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सुमारे १६ पट होतं, हा हिशेब तिथूनच निघाला. आणखी एक गोष्ट दिसली. काँक्रीटच्या ज्या लाद्या मोडल्या, त्यांच्या खालची भर आधी पाण्याबरोबर बाहेर आलेली होती.

हे कसं होतं पाहा. सांध्यातून पाणी खाली उतरतं आणि साचतं. जड ट्रकचं चाक आलं की लादी दबते आणि सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी उडते. दर पिचकारीबरोबर थोडी माती जाते, खाली पोकळी होते, एक लादी दुसरीपेक्षा खाली बसते आणि शेवटी कोपरा तुटतो. वरून काँक्रीट कितीही पक्कं दिसो, त्याचा पाया वाहून गेलेला असतो.

मात्र दोन वर्षांत रस्त्याचं म्हातारपण दिसत नाही. म्हणून १९८७ साली अमेरिकेत, वाहत्या महामार्गांवरच तुकडे निवडून त्यांच्यावर २० वर्षं नजर ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक तडा आणि प्रत्येक सांध्याची पायरी मोजायची आणि लिहून ठेवायची.

आता आपल्याकडे या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, तो काँक्रीटचा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ साली सुरू झालं आणि पुढे त्या महामार्गाचा मोठा भाग काँक्रीटचा झाला. ओटावाच्या प्रयोगात कोकणातला पाऊस नव्हता. आमच्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. तेव्हा इथल्या रस्त्याचं आयुष्य सिमेंटच्या पोत्यांवर जितकं ठरेल, तितकंच सांध्यातला मसाला वेळेवर भरण्यावर आणि कडेचं गटार मोकळं राहण्यावर ठरेल. या दोन्ही कामांचं उद्घाटन होत नाही, म्हणूनच ती राहून जातात.

वाडीतल्या त्या रस्त्याच्या तड्यांत मी गावातल्या पोरांना घेऊन डांबर ओतलं आणि डोंगराच्या बाजूने चर खणला. दर दिवाळीत फूटपट्टी घेऊन तडे मोजतो आणि वहीत लिहितो. पोरं हसतात. पण डुगडुगणारा चिरा वेळीच ओळखणारी माणसं होती, म्हणून तर पाखाडी टिकली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)